रंगाचा रकाना नसलेलं कार्ड

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी कोल्हापुरात एका मालिकेच्या चित्रीकरणात होते. दर दोन दिवसांनी नायिकेच्या दारात उभी राहणारी शेजारीण, एवढंच माझं काम. फोन व्यंकटेशअण्णांचा होता, तिच्या थोरल्या भावाचा. "मीना, अरुणा गेली. चहा पीत बसली होती, कप खाली ठेवला आन्..." दिग्दर्शकाने लगेच निघायला सांगितलं, पण माझी दोनच वाक्यं राहिली होती. ती म्हणून मग निघाले. काम अर्धं टाकून आले असते तर अक्का मेल्यावरही माझ्यावर ओरडली असती, याची मला खात्री होती. सोलापुरात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. अण्णा पायरीवर बसले होते, आत बायका होत्या आणि पुढच्या खोलीला, म्हणजे अक्काच्या दुकानाला, कुलूप होतं. दिवसाउजेडी ते दार बंद मी पहिल्यांदाच पाहिलं.

अरुणाक्का भवानी पेठेतली. घरात तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी. वडिलांच्या वेळी त्या पुढच्या खोलीत माग चालायचा. माग गेला, तिथे अक्काचा कॉम्प्युटर आला. आधी पंधरा-सोळा वर्षं तिने एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या होत्या. मग नट-नट्यांची, मॉडेल लोकांची कार्डं करायला लागली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हाताच्या पंजाएवढं जाड कार्ड असतं. पुढच्या बाजूला एक मोठा चेहरा आणि नाव, मागच्या बाजूला चार लहान फोटो, उंची, मापं, फोन नंबर. काम देणाऱ्याच्या टेबलावर अशी शेकडो कार्डं पडलेली असतात, आणि त्याच्या हातात आपलं कार्ड किती वेळ राहतं त्यावर आपलं नशीब. सोलापुरात असल्या कार्डांचं काय काम, असं पुण्याची माणसं हसून विचारतात. गणवेशांच्या कॅटलॉगमधल्या शिक्षिका, टॉवेलच्या खोक्यावरच्या बायका, मालिकांमधल्या मावश्या आणि हवालदार येतात कुठून, असं त्यांना कधी विचारावंसं वाटत नाही.

मी वळसंगची, शेतकऱ्याच्या घरातली. शहरात एका दवाखान्यात कागदपत्रं सांभाळायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकांच्या तालमींना जायचे. चौतिसाव्या वर्षी कुणीतरी म्हणालं, तुझं कार्ड कर, म्हणून अक्काकडे गेले. तिने तासभर फोटोच काढला नाही. घर कुठलं, शेतात काय असतं, नाटकात काय केलं, नुसत्या गप्पा. मी "तुम्ही, तुम्ही" करत होते. ती म्हणाली, "अक्का म्हनतीस आन् वर तुमी म्हनतीस? एक कायतरी ठरीव की." मी हसले, आणि ते हसू अजून चेहऱ्यावर होतं तेवढ्यात तिने कॅमेरा उचलला. नंतर छोटे छोटे फोटो छापून, कात्रीने कापून, टेबलावर ते इकडून तिकडे सरकवत बसली. स्क्रीनवर ती सगळ्यात शेवटी जायची. माझा एक फोटो मला फार आवडला होता, डावीकडे बघतानाचा. तो तिने डाव्या कडेवरून उचलला आणि उजवीकडे नेऊन ठेवला. "कार्डातलं मानूस कार्डाभाईर बघाय लागलं की हातात धरनाऱ्याची नजरबी भाईर जाती. तू आत बघ. तो बी आत बघंल." एवढं साधं, पण पुढे पुण्या-मुंबईत महागडी कार्डं बघितली तेव्हा त्यातली निम्मी माणसं कागदाबाहेर बघत होती.

सगळं जुळल्यावर मी हळूच म्हणाले, "अक्का, जरा उजळ कर ना."

"न्हाई."

"अगं, सगळेच करतात."

"करू देत की. मी न्हाई करत."

मी काळी आहे. सावळी, गव्हाळ असले शब्द लोकांनी माझ्यासाठी वापरले ते भीड म्हणून. मी हट्टाला पेटले, ती माझ्याहून जास्त पेटली. कार्ड माझं, चेहरा माझा, तू कोण ठरवणारी, इथपर्यंत मी बोलले. तिने सगळे तुकडे गोळा करून पाकिटात भरले आणि माझ्या हातात दिले. "हे घे. दुसरीकडं जा. हितं हुनार न्हाई." तिच्या या हट्टाबद्दल पेठेत लोक काहीबाही सांगायचे. तिला बघायला येऊन रंगावरून नाकारून गेलेल्या कुठल्या स्थळाची गोष्ट होती, त्यानंतर तिने लग्नच केलं नाही म्हणे. मी तिला कधी विचारलं नाही. तिने कधी सांगितलं नाही.

मी दुसरीकडे गेले. तिथे त्यांनी मला दुधात बुडवून काढल्यासारखं केलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "ही आपल्या वैनीसारकी दिसतीया." वैनी म्हणजे माझ्या भावाची गोरी बायको. तरी मला कळलं नाही. ते कार्ड घेऊन पुण्याला निवडीसाठी गेले. टेबलामागच्या बाईने नाव पुकारलं, मी पुढे झाले. तिने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत कार्डाकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "त्या स्वतः नाही आल्या का?" तिला माझा अपमान करायचा नव्हता. तिला खरंच वाटलं की मी कुणाच्या तरी सोबत आलेली बाई आहे. मी "नाही" म्हटलं आणि खाली उतरले... माझ्याच नावाला मी तिथे नाही म्हणाले.

परतल्यावर थेट अक्काकडे गेले. आता टोमणा येणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. तिने विचारलं, "जेवलीस का?" मी मान हलवली. तिने आतून ताट आणून दिलं, मी जेवत असताना टेबलावर पुन्हा कात्री घेतली. त्या दिवशी झालेलं कार्ड माझं आहे. त्यावर मी काळी आहे आणि आत बघते आहे. मापांच्या खाली तिने एक ओळ घातली होती: भाषा - मराठी, कन्नड, दखनी. मी म्हटलं, हे कोण वाचतंय? ती म्हणाली, "वाचत्यात." पुढच्याच वर्षी अक्कलकोटच्या बाजूच्या एका सासूची भूमिका मिळाली ती त्या ओळीमुळे. सासू मधेच कन्नडमध्ये शिव्या द्यायची. वळसंगात लहानपणापासून ऐकलेल्या सगळ्या कामी आल्या.

तिची खरी लढाई मात्र पुढे झाली. मुंबईचा एक माणूस गणवेशांच्या मोठ्या कॅटलॉगसाठी आणि दोन मालिकांसाठी चेहरे शोधत आला. अक्काने केलेली आमची कार्डं चाळून म्हणाला, काम सुंदर आहे, फक्त यात रंगाचा रकाना नाही. उंचीच्या खाली घाला : गोरा, गव्हाळ, सावळा, काळा. अक्का म्हणाली, फोटो हाय की. तो म्हणाला, फोटोचा भरवसा नसतो. अक्का खुर्चीतून उठली. "माज्या फोटोचा हाय. ह्या खोलीतनं खोटा फोटो भाईर गेला न्हाई आजपत्तुर. तुमाला बघाय डोळे हायेत. रकाना कशाला पायजे? आधीच गाळाय?" तो समजुतीने बोलत राहिला, नियम असतो, मी काय करणार. अक्काने त्याच्या हातातली कार्डं काढून घेतली, आमची, सगळ्यांची, आणि दार दाखवलं.

आम्ही सहाजणी होतो. सहाहीजणींचं काम गेलं. मी गप्प बसले, पण सुनंदा नाही बसली. तिची दोन पोरं होती, नवरा नव्हता आणि रंगाने ती आमच्यात उजळ होती. "तुझा ताठा आमच्या जिवावर कशाला, अक्का?" असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. सुनंदाने दुसरीकडे कार्ड केलं, रकान्यात 'गोरा' लिहिलं, तिला ते काम मिळालं, आणि ती पुन्हा त्या गल्लीत आली नाही. अक्का तिची चौकशी करत राहिली. एकदा मला म्हणाली, "तिला इचारून कराय पायजे होतं मी." मग म्हणाली, "पर केलं असतं त्येच." बरेच महिने तिच्याकडे कार्डाचं कुणी फिरकलं नाही. ती बारशाच्या पत्रिका करत होती. रकाना घातला नाही. माणूस गेल्यावर चांगलं बोलायचा रिवाज आहे, म्हणून काहीजण मला सांगतात, अक्का फार सोशिक होती. मुळीच नव्हती. भांडकुदळ होती, आणि भांडायला तिने नेमकी जागा निवडली होती.

मी तिसऱ्या दिवशी पुन्हा भवानी पेठेत गेले तर गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. कोपऱ्यावर भाजी विकणारी रुक्मिणमावशी लेकीकडून त्याच सकाळी परतली होती. तिला वाचता येत नाही. मला बघून म्हणाली, "कोन पाव्हनी वारली वं हितं? आन् अरुणाचं दुकान का बंद हाय? गावाला गेली का?"

मी वर पाहिलं. झेंडूच्या छापील माळेत एक गोरीपान, गुलाबी ओठांची बाई होती. खाली नाव अक्काचं होतं.

मावशीला कसंबसं सांगितलं आणि अण्णांकडे गेले, फ्लेक्स बदलू या म्हणाले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे मीना, आता काय तिला कळतंय?" मी म्हटलं, मला कळतंय. ते आत जाऊन कपाटातून तिचा एक फोटो घेऊन आले, टेबलाशी बसलेली, चष्मा कपाळावर चढवलेला. तो घेऊन मी फ्लेक्सवाल्याकडे गेले.

"ताई, वारलेल्या मानसाला जरा उजळच करतो आमी. चांगलं दिसतंय की. आजवर कुनी तक्रार केली न्हाई."

"मी करतीया."

"मग जरा कमी उजळ करू?"

"काय करू नगं. नुस्ता छाप. तिच्या तोंडाला हात लावायचा न्हाई." शहरात इतकी वर्षं काढून घासून-पुसून केलेली माझी भाषा कुठच्या कुठे गेली. तो छापेपर्यंत मी मशीनशेजारून हलले नाही.

दुपारी दोन पोरांनी जुना उतरवला, नवा बांधला. मावशी टोपलीवर ओलं फडकं टाकून रस्ता ओलांडून आली आणि मान वर करून बघत राहिली. सकाळी मी सांगितलं तेव्हा ती नुसती भाजीवर पाणी मारत राहिली होती. आता "अगं अरुणे..." म्हणाली आणि रडायला लागली.

महिना होऊन गेला, फ्लेक्स अजून आहे. कडा फाटायला लागल्यात, ऊन मी मी म्हणतंय, आणि थोड्या दिवसांत अक्काचा रंग त्या कापडावरून उडायला लागेल. उन्हाने उडाला तर उडू दे. परवा महापालिकेची माणसं तो उतरवायला शिडी घेऊन आली होती. मावशीने त्यांना विचारलं, "कुनाला इचारून?" माणसं शिडी घेऊन परत गेली.