वॉर्निशचे तीन हात

मासे पाळणाऱ्याकडे मासे कमी आणि किस्से जास्त! मासे मरतात, किस्से वाढत जातात. माझ्याकडचे बहुतेक एका लाकडी स्टँडचे आहेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सातपूरला कारखान्यात फिटर. मशीन ज्या खोक्यातून आलं, त्याच्या फळ्या साहेबांकडून मागून घेतल्या आणि फिश टँकसाठी स्टँड ठोकला. दोन रविवार नुसता पॉलिश पेपरनं घासत होतो. बायको, सुनंदा, दारात येऊन म्हणाली, "सात वर्षांत एक कढई एवढी घासली नाहीत!"

*

वॉर्निशचा पहिला हात मारून स्टँड गच्चीवर ठेवला. वरच्या काकूंना वाटलं, वाळलाय. त्यांनी त्यावर पापड घातले. ते काही सुटेनात! माझा दोस्त भामरे नखानं पापड खरवडत म्हणाला, "वॉटरप्रूफ नंतर कर, आधी पापडप्रूफ कर!"

पुन्हा पॉलिश पेपर. पुन्हा रविवार.

*

तीन हात झाले. नुसता आरसा! कंपनीतले सुतार लहानू मिस्तरी हरसूलकडचे. त्यांना कौतुकानं दाखवायला आणलं. त्यांनी वरून पाहिलंच नाही, सरळ उलटा केला.

"तळवे कोरडेच ठेवले की! लाकूड पायानं पाणी पितं, भाऊ."

चार वाट्यांत वॉर्निश ओतून चारही पाय दिवसभर बुडवले. वाट्या कुठल्या, हे सुनंदाला आमटी वाढताना कळलं!

*

तरीही भामरेला भरवसा नव्हता. "टँक भरला की बसला खाली!" म्हटलं, "मग तूच बस." भामरे म्हणजे पंच्याण्णव किलो. तो बसला आणि 'टर्रर्र' असा आवाज आला. मी वाकून स्टँडचे पाय बघायला लागलो.

भामरे हळूच म्हणाला, "स्टँड नाही रे... पँट!"

*

पुढे काही वर्षांनी धरणातून पाणी सोडलं आणि आमच्या तळमजल्यात गुडघाभर पूर शिरला. दोन दिवस आम्ही वरच्या काकूंकडे. पाणी ओसरल्यावर खाली आलो, तर सोफा फुगलेला, दुकानातून आणलेल्या शोकेसचे पापुद्रे सुटलेले, कपाटाचं दार हातात आलं. सुनंदा रडायलाच लागली. आणि कोपऱ्यात, चिखलात चार पाय रोवून, माझा स्टँड उभा! वर टँकमध्ये सगळे मासे फिरतायत.

पंचनाम्याला तलाठी आले. एकेक वस्तू लिहीत स्टँडपाशी थांबले. हात फिरवला, ठोकून पाहिलं. "याचं काय नुकसान लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदानं डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली,

"लिहा, आमच्या ह्यांनी बनवलाय!"