भिंतीवरचं जहाज

अंबरनाथ एमआयडीसीत बसून सात वर्षं मी भर समुद्रातलं एक जहाज नजरेखाली ठेवलं होतं! समुद्र तेवढा एकदाच पाहिलेला, चौपाटीवर, भेळ खाता खाता. जिथे कुणालाच काही कळत नाही तिथे किस्से आपोआप साठतात. आमच्या डिस्पॅचमध्ये तर ढीग लागला होता.

आम्ही पंपाचे पार्ट बनवायचो. समुद्रातल्या तेलविहिरींना डिझेल, पाणी, भाजीपाला पोचवणारं एक जहाज आमचं गिऱ्हाईक. ते गोदीला लागलं की आम्ही पार्ट घेऊन पळायचो. म्हणून रोज सकाळी मुंबईच्या एजंटाचा फोन यायचा आणि मी भिंतीवरच्या नकाशात जहाजाची लाल टाचणी सरकवायचो. फोन नाही आला तर? कुलकर्णीसाहेबांचा नियम होता, "कळवल्याशिवाय जहाज हलणार नाही!"

*

एकदा मी टाचणी उचलून बदलापुरात खोचली. साहेबांनी चष्मा न लावताच अक्षांश-रेखांश मोजले आणि हेड ऑफिसला फोनवर खणखणीत आवाजात सांगितले.

पलीकडच्या मॅडमनी आकडे त्यांच्या नकाशावर लावून पाहिले आणि विचारलं, "सर, कितव्या प्लॅटफॉर्मला लागतंय?"

*

जहाजाची सगळी माहिती भिंतीवर टाइप करून लावलेली. लांबी, रुंदी, वजन, बांधणीचं साल. उल्हासनगरचा वासवानी आम्हाला खोकी पुरवायचा, तो रोज वाचत बसे. मी हळूच म्हटलं, "विकायचंय."

दुपारी भंगारवाल्या मेहुण्याला घेऊन हजर! मेहुण्याने वजनावर बोट ठेवलं. "माल ठीक है. टेम्पो कितने लगेंगे?"

*

पॅकिंगला सोनिवलीच्या मंदावहिनी होत्या. त्यांचा नवरा दत्तू त्याच जहाजावर स्वयंपाकी. रोज दारातून डोकं आत घालून विचारायच्या, "भावजी, कुठवर आलं?"

"वाळूत रुतलंय वहिनी. दत्तू उतरून धक्का मारतोय!"

"मारू दे. घरात गॅसची टाकी उचलत नाही."

*

मग त्यांच्या पोरीचा साखरपुडा ठरला, रविवारचा. मुलाकडच्यांनी बजावलं होतं, बाप हजर नसेल तर आम्ही येणार नाही. वहिनी दिवसातून चारदा टाचणी बघून जायच्या. आणि नेमका मंगळवारी एमआयडीसीतला फोन डेड! टाचणी तेलविहिरीजवळच खोचलेली. बुध, गुरु, शुक्र, जहाज जागचं हललं नाही.

शनिवारी वहिनी कामाला आल्याच नाहीत. साहेबांचा चेहरा पडला. "जा बाबा, सांगून ये. पाहुण्यांना निरोप धाडायला वेळ तरी मिळेल."

रिक्षा करून सोनिवलीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच मस्करी बाजूला ठेवून दारात उभा राहिलो.

"वहिनी, साखरपुडा पुढे ढकला. मी आत्ता नकाशा बघून आलोय. दत्तू अजून शंभर मैल आत समुद्रात आहे."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या,

"मग मघापासून मोरीतनं साबण कोण मागतंय?"