सुरतेपलीकडचा तृणमणी

नाशिक रोडहून बस सुटली तेव्हा आप्पा खिडकीकडे मान वाकडी करून बसले होते. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय; दिसतं ते कडेकडेनं. उरलेलंही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यावर आप्पा एवढंच म्हणाले, “मग गुजरातचा तृणमणी राहिलाय, तो आत्ताच बघू.”

आप्पा म्हणजे माझे वडील. अंबडच्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना तृणमणी (झाडाचा चीक गोठून दगडासारखा झालेला खडा) जमवायचा नाद लागला. मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघं निघालो.

पेठच्या घाटात बस पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या घरातल्या बाईंनी नागलीची (नाचणीची) भाकरी दिली. आप्पांनी त्यांच्या हातावर खडे ठेवले. “हा बाल्टिक समुद्राचा, चार कोटी वर्षांचा. हा वेस्ट इंडीजकडच्या डोमिनिकनचा, शेंगांच्या झाडाचा, वयानं लहान. आणि हा तांबडा ब्रह्मदेशचा, दहा कोटींचा.”

“डिंकच ना? आमच्या रानात लय हाय की!”

“तुमचा अजून पोर आहे, ताई,” आप्पा म्हणाले. बाई खो खो हसल्या.

सुरतेपलीकडे लिग्नाइटची (कच्च्या कोळशाची) खाण होती; त्याच कोळशात तृणमणी सापडतो. फाटकावर रखवालदारानं अडवलं. “चाचा, अंदर मना है.”

“मग इथंच बसतो,” म्हणत आप्पा दगडावर बसले. ऊन चढलं. मी दोनदा म्हटलं, “चला आप्पा.” ते हलले नाहीत. शेवटी पाळी संपवून निघालेल्या सुपरवायझरनं विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. तो परत आत गेला आणि हेल्मेटभर कोळसा घेऊन आला.

आप्पा बोटांनी चाचपू लागले. पहिल्या पिवळ्या खड्याचा चिमटीतच भुगा झाला. त्यांचा चेहरा बघवेना. पण हात थांबले नाहीत. हेल्मेटच्या तळाशी बोराएवढा एक अखंड निघाला. त्यांनी तो उन्हात, डोळ्याच्या कडेला धरला.

“आत माशी आहे का गं?”

खोटं बोलावंसं वाटलं. “नाही आप्पा. बुडबुडा आहे.”

“असू दे. पाच कोटी वर्षांपूर्वीची हवा आहे ती. तेव्हा आपला देश अजून आशियाला नीट चिकटलाही नव्हता.”

परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं, आप्पांना शेवटचं काही दाखवून आणलं. घाट लागला तसे ते म्हणाले, “डोळे मीट.” माझ्या एका तळव्यावर त्यांनी तृणमणी ठेवला, दुसऱ्यावर फाटकाजवळून उचललेला तेवढाच दगड.

“गार कुठला लागतो?”

“डावा.”

“तो दगड. तृणमणी कधीच गार लागत नाही.” त्यांनी माझी उजवी मूठ मिटली. “वाटभर मी डोळे मिटून हेच करत होतो. आता चुकत नाही.”

मी डोळे उघडले. आप्पांचे मिटलेलेच होते.