बोटीवरची निरगुडी

मुरबाडला रेल्वे नाही, समुद्र तर नाहीच नाही, आणि तरी आमच्या शेडमध्ये बोटी होतात. मोटारबोटी. मुंबईच्या लोकांना सुटीच्या दिवशी फिरायला, गळ टाकायला, पोराबाळांना घेऊन पाण्यावर जेवायला. तू काय करतेस असं कोणी विचारलं तर मी सांगते, बोटी घासते. लोक हसतात. हसू देत. इतकी वर्षं झाली, फायबरची कुसळं अंगात मुरली, आणि मी अजून एकाही बोटीत बसलेले नाही. घासायला चढते ती गोष्ट वेगळी.

ज्या बोटीमुळे हे सगळं झालं ती चोवीस फुटी होती, दुधासारखी पांढरी. पुढे उन्हात लोळायला गादी, मध्ये स्टिअरिंग, मागे गळाच्या काठ्या खोचायला नळ्या, खाली दोघांना झोपता येईल अशी खोली, तिच्यात चिमुकला फ्रीज. आणि मागच्या पायरीवर गोड्या पाण्याचा शॉवर. कशाला, तर खाऱ्या पाण्याने चिकट झालेले पाय धुवायला. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. धरणाची भिंत आमच्या अंगणातून दिसते, आणि एप्रिल लागला की माझी आई हंडे मांडून टँकरची वाट बघत बसते. त्या शॉवरची जाळी चकचकीत करताना माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

माझे सासरे, त्यांना मी बाबा म्हणते, शेडमध्ये माझ्या आधीपासून होते. मला तिथे त्यांनीच चिकटवलं. जात्या शेतकरी माणूस, सिद्धगडाच्या बाजूला आमची थोडी भातखाचरं आहेत. शेडमध्ये ते पडेल ते करायचे, उचल-ठेव, झाडलोट, रविवारी राखण. पण बोटींवर त्यांचा जीव होता. तयार बोट ट्रेलरवर चढली की तिच्या अंगावरून हात फिरवायचे, दावणीतल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. या वयात दुसरीकडे कोणी कामाला ठेवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जे केलं ते मला काही माहीत नव्हतं म्हणून केलं, असं कोणाला वाटायला नको.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. भात पिवळं पडायला लागलं की खाचरातलं पाणी सोडून द्यावं लागतं, नाहीतर कापणीला नुसता चिखल. बांधाला तोंड करायचं, पाणी जाऊ द्यायचं, आणि त्या तोंडाशी निरगुडीची हिरवी डहाळी खोचायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की हे तोंड मुद्दाम उघडलंय आणि उघडणारा बुजवायला परत येणार आहे. मग त्या डहाळीला कोणी हात लावत नाही. शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी त्याची निरगुडी कोणी उपटत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी बाबांनीच मला हे शिकवलं होतं.

बोटीलाही असंच एक तोंड असतं. मागच्या बाजूला, तळाशी, अंगठ्याएवढं भोक. बोट जमिनीवर असताना आत साचलेलं पाणी तिथून जातं. पाण्यात उतरवायच्या आधी त्यात पितळी बूच गच्च फिरवून बसवायचं, नाहीतर बोट खालून भरत जाते.

त्या रविवारी परतीचा पाऊस झाला. बोट शेडबाहेर ट्रेलरवर होती, सोमवारी खाडीवर गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून. ताडपत्री उडाली आणि आत पाणी साचलं. राखणीला बाबा एकटे होते. त्यांनी खाचरात केलं असतं तेच केलं. बूच काढून पाणी सोडून दिलं, बूच हत्यारांच्या पेटीत ठेवलं, आणि कुंपणाची निरगुडी मोडून स्टिअरिंगमध्ये खोचली. सोमवारी त्यांची सुटी. उजाडताच ते तिथून परस्पर शेतावर गेले, आणि मी सातच्या जीपने शेडवर पोहोचले. आमची गाठच पडली नाही. त्यांना तोंडाने काही सांगायची गरज वाटली नाही, कारण खूण ठेवली होती आणि सून घरचीच होती.

मी गेले तेव्हा सुपरवायझर आरडाओरडा करत होता. गिऱ्हाईक लवकर निघालंय, बोट पुसून घे, कचरा काढ. मी चढले. स्टिअरिंगमधली डहाळी उपसली आणि खाली टाकली. पानं चुरडल्यावर निरगुडीचा उग्र वास येतो तोही मला आला. तरी डोक्यात काही पेटलं नाही. ऑफिसात बसलेल्या बाईने ती फेकली असती तर मी तिला चार गोष्टी सुनावल्या असत्या. मी फेकली. खाचरात जिला ती दहा पावलांवरून दिसते, तिला बोटीत ती कचरा वाटली.

मग तपासणीचा कागद. बारावी झालेली म्हणून तो माझ्याकडे असतो. एकेक गोष्ट बघून खूण करायची, खाली सही करायची. बूच बसवलं आहे, हीसुद्धा त्यात एक ओळ आहे. सुपरवायझर म्हणाला, टाइम नाही, सगळ्यांवर टिक मार. मी टेबलाशी बसून वरपासून खालपर्यंत टिका मारल्या आणि सही ठोकली.

खाडीच्या धक्क्यावर मलाही नेलं होतं, पाहुण्यांच्या बुटांचे डाग पुसायला. नवरा, बायको, आजी, दोन मुलं, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. मालक स्वतः चालवायला बसले. बोट सुटली, सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. थोडी लांब गेली आणि मागून पाण्यात बसायला लागली. आजींनी पाय वर घेतले. पाणी उपसायचा पंप सुपरवायझरने जोडलाच नव्हता, हे त्या वेळी कळलं. दुसऱ्या होडीवाल्यांनी दोर टाकून सगळ्यांना ओढून आणलं. कोणाला काही झालं नाही. बाईंचे बूट तेवढे भिजले, आणि ते लोक गाडीत बसून निघून गेले.

मंगळवारी मालकांनी बाबांना बोलावलं. मी, सुपरवायझर, सगळे उभे होतो. बूच कोणी काढलं? बाबा म्हणाले, आमी काढलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

"पानी साचलं व्हतं, सोडून दिलं. खूण ठेवली व्हती ना, साहेब. निरगुडी."

सुपरवायझर फिसकन हसला. मालकांनी विचारलं, हे काय शेत आहे का? बाबा गोंधळले. त्यांनी स्टिअरिंगकडे बोट दाखवलं, जणू ती अजून तिथेच असेल. मग त्यांची नजर शेडच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या ढिगावर गेली. डहाळी वरच पडलेली होती, कोमेजलेली. शेडमधली झाडलोट त्यांची, म्हणून ते सुटीवर असले की बोट कोण पुसतं हे त्यांना सांगायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि खाली बघितलं.

माझी सही असलेला कागद टेबलावर होता. मी तोंड उघडायला हवं होतं. डहाळी मी टाकली, टिक न बघता मारली, पंप सुपरवायझरने जोडला नाही, एवढी तीन वाक्यं. एकही निघालं नाही. मालक म्हणाले, बाबा, तुम्ही आता घरी आराम करा. आराम म्हणे. बाबांनी आपला डबा आणि टॉवेल घेतला, जाता जाता ट्रेलरवरच्या त्या ओल्या बोटीवरून सवयीने हात फिरवला आणि गेटातून बाहेर पडले.

घरी नवऱ्याला त्यांनी सांगितलं, काम होत नाय आता, सोडलं. माझं नाव काढलं नाही. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, ताट भिरकावावं. ते शांतपणे जेवले. त्या शांतपणाचा मला इतका राग आला की मी भांडी आपटून घासली.

पुढच्या महिन्यात शेडमध्ये नवा नियम आला. बूच काढलेलं असेल तर स्टिअरिंगला लाल फीत बांधायची. फितीला हात लावायचा नाही, जो बूच काढेल त्यानेच ती सोडायची. ही कल्पना सुपरवायझरची. मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, आणि आम्हाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. मी वाजवल्या. अंगाची लाही लाही होत होती आणि हात टाळ्या वाजवत होते. निरगुडी होती तोवर गावठीपणा, लाल नायलॉनची झाली की सिस्टीम. शेतातून ती उचलून आणणाऱ्या माणसाला घरी बसवलं, आणि त्याला हसणाऱ्याची पाठ थोपटली. सुपरवायझरचा, मालकाचा राग करणं मला सोपं जातं, म्हणून मी तो रोज करते. घराकडे येताना जीपमध्ये तो राग पुरत नाही.

यंदा भात पिवळं पडलं तेव्हा रविवारी बाबांबरोबर शेतावर गेले. ते आता पूर्वीसारखे चालत नाहीत. बांधाला तोंड करताना कुदळ मी मारली. पाणी खळखळत सुटलं. त्यांनी काठावरची निरगुडी मोडली, माझ्या हातात न देता स्वतः वाकून तोंडाशी खोचली, आणि आजूबाजूची माती दाबून बसवली. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नव्या सुनेला पहिल्यांदा सांगितलं होतं तसंच त्यांनी सांगितलं.

"ही खूण हाय गो. काढू नको."

मी हो म्हटलं. कुदळ धुतली आणि त्यांच्या मागून बांधावरून चालत घरी आले. सोमवारी सातच्या जीपने शेडवर गेले. बाहेर ट्रेलरवर नवी बोट उभी होती, तिच्या स्टिअरिंगला लाल फीत होती, आणि मालक ऑफिसात होते. मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले, ती तीन वाक्यं मनात जुळवली, आणि घासायला परत आले.