वळणावरचं लग्न

भोपाळची दुर्घटना झाल्यावर सगळीकडेच रसायनांच्या टँकरांची धास्ती बसली. संगमेश्वरजवळच्या महामार्गावर कुठे किती धोका आहे ते पाहायचं ठरलं, आणि त्या कामाला हायस्कुलात विज्ञान शिकवणारी विमला आणि बांधकाम खात्यातला ओव्हरसियर रघू यांची नावं लागली. वळण किती तीव्र आहे, उतार केवढा आहे, खाली घरं किती, वाडी पाणी कुठलं पिते आणि वारा कुठून कुठे जातो, हे दोघं महिनाभर उन्हातान्हात बघत फिरले. टेप धरता धरता एकमेकांवर जीव जडला. सगळ्यात धोक्याचं वळण निघालं ते विमलाच्याच वाडीच्या डोक्यावरचं. कठडा मंजूर झाला खरा, पण तो बांधण्याआधी यांचं लग्न आलं.

मे महिन्यातली दुपार होती. वाडीत मांडव पडला होता, विमला पांढऱ्या साडीत तयार बसली होती आणि बौद्धाचार्य पाणी पीत होते. तेवढ्यात वर रस्त्यावर धाडकन आवाज झाला.

“टँकर पलटला!” कोणीतरी ओरडलं, आणि अख्खा मांडव बघायला वरच्या दिशेनं निघाला. विमलाचा काका बाबल्या तर बादली घेऊन धावला. गळतंय ते फुकट कशाला घालवायचं, असा त्याचा हिशेब.

विमलाच्या नाकात झणका आला. पांढरा धूर वळणावरून जमिनीलगत खाली, नदीकडे उतरू लागला होता. समुद्राकडचा वारा त्याला पुढे ढकलत होता. साडीचा ओचा खोचून ती मांडवाच्या दारात आडवी उभी राहिली.

“काका, ती बादली टाका. अ‍ॅसिड आहे ते. कोणी रस्त्याकडे जायचं नाय. पदर, पंचे ओले करून नाकाला लावा आणि सगळे पश्चिमेच्या सड्यावर, वरच्या कातळावर चला. पाळण्यातल्या पोरांना आधी उचला.”

“अगो, जेवणाचं काय? भात उतरायचाय,” जाईआते म्हणाली.

“भात राहू दे, आते. लाडवांची टोपली घे.”

आतेनं ती दोन्ही हातांनी कवटाळली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

रघूचं वऱ्हाड त्याच वेळी सड्याच्या बाजूनं येत होतं. फेटा ओला करून त्यानं तोंडाला बांधला, वारा पाठीशी ठेवून वळसा घेत तो टँकरपाशी गेला आणि खोकणाऱ्या ड्रायव्हरला खांद्यावर घेऊनच वर आला. वाटेत रस्त्यावर अडकलेली एसटीही त्यानं रिकामी करवली.

सड्यावर सगळी गोळा झाली. विमलाचे वडील भिवा यांनी माणसं मोजली, पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं. उलट एसटीतले प्रवासी, दोन ट्रकवाले, कंडक्टर आणि हर्णेची एक मासळीवाली जास्त भरली. ते कळल्यावर विमलाला हसू फुटलं. ते थांबेचना. रघू हसला, मग ओला पदर नाकाला धरलेल्या सगळ्या बायका हसल्या, आणि बाबल्याकाका तर खडकावर बसून पोट धरून हसला.

“मॅडम,” रघू म्हणाला, “वाऱ्याचं तुमचं बरोबर होतं.”

“आणि घरं तुम्ही नीट मोजली होतीत.”

बौद्धाचार्यांनी घसा साफ केला. “आता माणसं जमलीच आहेत तर लग्न लावूया का?”

सड्याच्या काळ्या कातळावरच त्रिशरण, पंचशील झालं. हार खाली मांडवात राहिले होते, म्हणून पोरींनी करवंदीचे डहाळे वाकवून दोन हार केले. ते टोचले, तरी दोघं हसतच होती. “साधू, साधू, साधू” म्हणताना अनोळखी प्रवाशांचा आवाज वऱ्हाडापेक्षा मोठा लागला. ड्रायव्हरला पहिला लाडू मिळाला.

संध्याकाळपर्यंत अग्निशमनवाल्यांनी चुना टाकून रस्ता धुतला. पाणी तपासून होईपर्यंत नदीचं पाणी वापरायचं नाही, असं विमलानं घरोघर सांगितलं, तेही नवरीच्या साडीत. मग कंडक्टरनं घंटी वाजवली, मागची सीट मोकळी करून दिली, आणि मासळीवाली ओव्या म्हणत असताना एसटी नव्या जोडप्याला घेऊन रत्नागिरीला, रघूच्या घरी निघाली.