चौथ्या व्हॉल्व्हचा मंगळवार

यशोधराच्या तोंडी लागण्यापेक्षा बाभळीला मिठी मारलेली बरी, असं गावातल्या बाया म्हणायच्या. आणि मोबाईल बंद पडला की त्याच बाया पदर खोचून तिच्याच दारात यायच्या. लिंबागणेशची ही लेक केज तालुक्यातल्या या गावात दिलेली. बीडला पॉलिटेक्निक केलं, पुण्याला विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. सासूचे गुडघे गेले, त्यात पोरगी झाली, तेव्हा नोकरी सोडून गावी आली. नवरा विलास अंबाजोगाईला एसटीच्या डेपोत. पुण्याहून येताना तिनं भांडीकुंडी तिथंच वाटून टाकली आणि जुना लॅपटॉप तेवढा पोरीच्या दुपट्यात गुंडाळून आणला. सासू भिमाबाईनं विचारलं होतं, "ह्याचं काय लोणचं घालायचं का?"

"मुरू द्या आत्या. लागंल कधीतरी."

तो लागला सासऱ्याच्या पायी.

सासरे कारभारी हे ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. गावाच्या टाकीखाली चार व्हॉल्व्ह: वेशीची आळी, मधली आळी, मठाची आळी आणि शेवटी भीमनगर. हातभर दांड्याची लोखंडी चावी घेऊन त्यांनी जन्म त्या चार भोकांवर वाकून काढला. तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्य आणि त्यात आपपर करणं हे पाप, एवढंच त्यांचं शास्त्र. मग पंचायतीनं कुठल्याशा कंपनीकडून टाकीला पेटी बसवून घेतली. व्हॉल्व्ह आपोआप उघडायचे, आपोआप मिटायचे. कारभारींकडे उरली पेटीच्या कुलपाची किल्ली आणि नुसतं लक्ष ठेवायचं काम.

तेव्हापासून मंगळवार आला की भीमनगर कोरडं. वरच्या तिन्ही आळ्यांत बायांची धुणी वाळायला पडलेली आणि इकडं हापशावर घागरींची रांग. "आपला माणूस टाकीवर असून आपल्याच नळाला फूस," असं भीमनगरातले लोक बोलायचे. कारभारी ऐकून घ्यायचे.

भीमनगरानं तक्रार केली तेव्हा कंपनीचा माणूस आला. मल्लिकार्जुन नाव, कपाळाला भस्माची बोटं, गळ्यात लॅपटॉपची बॅग. पेटी उघडून त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि सरपंच बबनरावांना म्हणाला, "साहेब, पेटीत कुणीतरी हात घातलेला आहे. तारा हललेल्या आहेत."

"हात म्या घातलता," कारभारी म्हणाले. "मुंगळे झाले होते आत. फडक्यानं झाडले."

झालं! खरं बोलणारा माणूस आपल्याच तोंडानं अडकला. बबनरावांनी मान हलवली. "कारभारी, मशीन हाय ते. घमेलं न्हाई झटकायला."

यशोधरा पोरीला कडेवर घेऊन मागं उभी होती. ती पुढं झाली. "तार हलली तर रोज बंद पडंल. तार काय वार बघून हलती का?"

मल्लिकार्जुन हसला. "तेच म्हणतोय ताई मी. मंगळवारीच बंद पडतं, म्हणजे मंगळवारीच कुणीतरी हात लावतंय. आणि किल्ली कुणाकडे असते?"

सगळ्यांच्या नजरा कारभारींकडे वळल्या. बबनराव म्हणाले, "सोमवारच्या ग्रामसभेत ठरवू. दुसरा माणूस बघावा लागंल." कारभारींनी कंबरेची किल्ली सोडून पंचायतीच्या ओट्यावर ठेवली. पाण्यात चोरी केल्याचा आळ! त्यांना वाटलं, टाकीनंच गिळून टाकावं.

यशोधरा मात्र तिथून हलली नाही. "पेटीतला प्रोग्राम दाखवा," ती मल्लिकार्जुनला म्हणाली.

"लिहिलेला प्रोग्राम नाही आमच्याकडे. लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेला. मशीननं दळून ठेवलेली फाइल आहे, तीच बाकीच्या फाइलींशी सांधून आम्ही पेटीत भरतो."

"तीच द्या."

"ताई, ती यंत्राची भाषा आहे. नुसते आकडे. काय कळणार तुम्हाला त्यात?"

"कळणार न्हाई ना? मग द्यायला कावून भेता?"

भोवती उभे असलेले लोक हसले. मल्लिकार्जुनानं चिडून पेनड्राइव्ह काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

घरी आल्यावर भिमाबाई दारातच बसलेली, ज्वारी निवडत. "मुद्दाम केलंय त्यांनी," ती म्हणाली. "आपली आळी शेवटी. शेवटच्याला पाणी तोडायचं, ही रीतच हाय."

"तसं असंल तर तसं. पण आधी बघू द्या आत्या."

दुपारची वीज होती तोवर तिनं लॅपटॉप लावला. पुण्यात तिचं कामच हे होतं: माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्रासाठी दळून झाला की तो उलगडून बघायचा, आत काय गेलंय ते तपासायचं. त्याला ऑब्जडम्प म्हणून एक अवजार आहे. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि ते फाइलचं पोट उघडून दाखवतं. दळलेल्या पिठातून जोंधळा परत मिळत नाही, पण कुठला जोंधळा होता ते जाणत्याला पिठावरून सांगता येतं, तसलं हे काम.

पहिल्याच हुकमाला त्यानं नकार दिला. हे कुठल्या जातीचं यंत्र ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणालं. यशोधरानं कपाळावर हात मारला. लॅपटॉपची चिप वेगळी, पेटीची वेगळी. पेटीच्या चिपसाठीचं ऑब्जडम्प वेगळं घ्यावं लागतं, हे पोरीच्या लंगोटात आणि भाकरीत विसरून गेली होती. मोबाईलच्या नेटवरून ते उतरवता उतरवता वीज गेली. बॅटरी जुनी, मुंगीच्या पावलानं संपणारी नव्हे, धावत सुटणारी. भिमाबाई म्हणाली, "राहू दे बाई. नशिबात न्हाई."

"नशीब गेलं केजला बाजाराला," यशोधरा म्हणाली आणि लॅपटॉप उचलून थेट पिठाच्या गिरणीत गेली. गिरणीला इन्व्हर्टर होता. पिठाच्या धुरळ्यात, पोत्यावर बसून तिनं राहिलेलं उतरवून घेतलं आणि परत हुकूम सोडला.

आता ओळींमागून ओळी पडद्यावर ओघळल्या. डाव्या बाजूला आकडे, उजव्या बाजूला यंत्राला दिलेल्या आज्ञा: हे उचल, ते ठेव, याची त्याच्याशी तुलना कर, सारखं निघालं तर पुढं उडी मार. पहिला व्हॉल्व्ह, दुसरा, तिसरा, सगळं सरळ. पण प्रोग्राम आपल्याच दुसऱ्या कप्प्याला हाक मारतो, तिथं नावाच्या जागी सगळीकडं नुसती शून्यं. सांधणी न झालेल्या फाइलीत असंच असतं, कुणाचं घर कुठं ते अजून ठरलेलं नसतं. तिनं हुकमाला आणखी एक अक्षर जोडलं आणि शून्यांखाली नावं उमटली. चौथ्या व्हॉल्व्हच्या अगोदर पेटी एका कप्प्याला हाक मारत होती. त्या कप्प्याचं नाव होतं 'बाजार_वार'.

आत इतकंच होतं: आजचा वार घे. दोनशी ताडून बघ. रविवार शून्य, सोमवार एक, मंगळवार दोन. दोन असेल तर चौथा व्हॉल्व्ह सोडून दे, पुढं जा.

यशोधरा पोत्यावरून उठली, बसली, परत उठली. या गावचा बाजार तर शनिवारी भरतो!

सोमवारी ग्रामसभा पंचायतीपुढं, टाकीच्या सावलीत भरली. कारभारी कडेला, हाताची घडी घालून उभे. बबनराव बोलायला उठले, तशी यशोधरा मधेच म्हणाली, "दादा, आधी एक खेळ बघा, मग मामांना काढा. आज सोमवार. सकाळी भीमनगरला पाणी आलंय का?"

"आलंय," बाया म्हणाल्या.

"मल्लिकार्जुन भाऊ, मामांची किल्ली तुमच्याजवळ हाय. तुमच्याच हातानं पेटी उघडा आन् तिला सांगा, आज मंगळवार हाय."

"म्हणजे काय होणार?"

"मला कळत न्हाई ना त्यातलं? करा तर."

त्यानं पेटीतला वार बदलला आणि पाण्याची पाळी सुरू केली. पहिला व्हॉल्व्ह घरघरला, दुसरा, तिसरा. माणसं व्हॉल्व्हच्या खड्ड्यांभोवती वाकली. चौथा हललाच नाही. पेटी गप्प झाली.

"आता बुधवार सांगा."

बुधवार सांगितला. चौथ्या व्हॉल्व्हनं घरघर केली आणि भीमनगरच्या नळाशी बसलेली पोरं ओरडत सुटली, "आलं, आलं!"

मल्लिकार्जुनाच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं. पण माणूस लबाड नव्हता. त्यानं सगळ्यांसमोर कंपनीला फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "चूक आमची आहे. हा प्रोग्राम माजलगावकडच्या एका गावासाठी केला होता. तिथला चौथा व्हॉल्व्ह बाजारतळावर आहे. बाजार मंगळवारी. पाणी सोडलं की दुकानांखाली चिखल व्हायचा, म्हणून त्या दिवशी तेवढाच बंद ठेवायला सांगितला होता. तोच इथं भरला गेला."

भिमाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "म्हंजी मुद्दाम न्हाई केलं?"

"न्हाई आत्या," यशोधरा म्हणाली, आणि आवाज बारीक करायच्या ऐवजी तिनं वाढवला. "मुद्दाम करायला तरी आपल्याकडं बघावं लागतं. ह्यांनी बघितलंच न्हाई. चौथ्या व्हॉल्व्हवर बाजार हाय का माणसं राहत्यात, हे कुणी येऊन विचारलं? आन् पाणी बंद झालं तेव्हा चोर मात्र लगेच सापडला!"

बबनरावांनी घसा खाकरला. "बरं, झालं गेलं. कंपनी नवा प्रोग्राम देईल. तवर कारभारी, दर मंगळवारी पेटी उघडून तेवढा वार बदलत जा. मिटलं."

कारभारी मान हलवणारच होते. सवयच ती. यशोधरा आडवी आली.

"मिटलं न्हाई दादा. परवा पेटीला हात लावला म्हणून मामा चोर, आन् उद्यापासून हात लावायचा म्हणून मामा? मामा पेटीला शिवणार न्हाईत. आधी त्यांची किल्ली त्यांच्या हातात द्या. ओट्यावरून न्हाई, हातात."

मठाच्या आळीतलीच एक म्हातारी मागून म्हणाली, "दे की बबन. महादेव बघतोय वरून." बबनराव उठले, मल्लिकार्जुनाकडून किल्ली घेतली आणि चालत जाऊन कारभारींच्या तळव्यावर ठेवली.

कारभारींनी ती पेटीला लावली, आतलं मोठं बटण खाली ओढून पेटी बंद केली आणि कुलूप घातलं. "नवा प्रोग्राम येईस्तोवर झोपू द्या हिला," ते म्हणाले. एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. कारभारी सकाळी टाकीवर आले ते खांद्यावर जुनी लोखंडी चावी टाकून. गंज चढला होता, म्हणून तिला तेल पाजलेलं. वेशीच्या आळीतला एक जण म्हणाला, "कारभारी, पहिला आमचा व्हॉल्व्ह ना?"

"आज न्हाई," म्हातारा म्हणाला, आणि चौथ्या खड्ड्यावर वाकला.