रेझोल्यूट ते इकालुइट: दोन तास

“पॅसेंजर फ्लाइट चाळीस मिनिटांत निघतेय. पेशंटला बसवू? मी सोबत जाते,” रेझोल्यूटची नर्स फोनवर विचारत होती. मी नको म्हणालो.

मी दुबईतल्या मेडिकल असिस्टन्स कंपनीत आहे. परदेशात कोणी आजारी पडलं की त्याला हॉस्पिटलपर्यंत पोचवायचं, हे आमचं काम. पेशंट महेश, मूळ पुण्याचा. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीने त्याला जनरेटर बसवायला कॅनडाच्या पार उत्तरेला पाठवलं होतं. पोटात रक्तस्राव सुरू झाला. रेझोल्यूटला दवाखान्यात फक्त नर्स. ऑपरेशनची सोय थेट इकालुइटच्या हॉस्पिटलात.

पॅसेंजर फ्लाइट मध्ये थांबत पाच तासांनी पोचणार होती. मी अंतर मोजायच्या वेबसाइटवर दोन्ही एअरपोर्टची नावं टाकली. अंतर साधारण पंधराशे पंच्याहत्तर किलोमीटर, वेळ दोन तास.

मी बॉसना फोन लावला. “नायर सर, एअर अ‍ॅम्ब्युलन्स दो घंटे में पहुंचाएगी.”

“तो यल्ला, बुक करो.”

शारजात महेशच्या बायकोला, अपर्णावहिनींना, मीच फोन केला. “दोन तास, वहिनी. काळजी करू नका.” मी हे फार ठामपणे सांगितलं. आमच्या धंद्यात घरच्यांना धीर द्यायची सवयच लागते, आणि तो देताना आपलाही त्यावर विश्वास बसतो.

पॅसेंजर फ्लाइट निघून गेली. मग अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांचा मेल आला. विमान इकालुइटला उभं होतं. म्हणजे आधी रिकामं जाणार, मग पेशंटला घेऊन परत येणार. रिकाम्या फेरीला आम्ही पोझिशनिंग म्हणतो. नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. त्यात रेझोल्यूटची धावपट्टी खडीची. तिथे पंख्याचं छोटं विमानच उतरतं, जेट नाही. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन. मधे इंधन भरणं वेगळं. वेबसाइटचे दोन तास जेटचे होते, तेही एका बाजूचे.

मी नर्सला फोन लावला. “ती फ्लाइट परत बोलावता येईल?”

“गेली ती. पुढची परवा.”

दोन तास उलटल्यावर वहिनींच्या फोनवरून त्यांचा मुलगा बोलला. दहावीतला. तो नेटवर विमान बघत होता.

“अंकल, इट्स गोइंग द राँग वे.”

मी म्हणालो, “आधी बाबांना घ्यायला जातंय, बेटा.”

“बट यू सेड टू आवर्स.”

मी फोन ठेवला, याची आजही लाज वाटते.

विमान उतरलं, महेशला आत घेतलं. परतीच्या वाटेत, इकालुइट तासाभरावर असताना तो गेला.

चौकशीत लिहून आलं की त्या पॅसेंजर फ्लाइटने तो वाचलाच असता असं सांगता येत नाही. नायर सर म्हणाले, “खलास, फाइल बंद करो.” फाइल बंद झाली.

आता अंतर बघण्याआधी मी विमान कुठे उभं आहे ते विचारतो. एका मिनिटाचं काम आहे. त्या दिवशी माझ्याकडे चाळीस मिनिटं होती.